पाच बोटांच्या नादात

खोडाला काटे दिसले आणि माझ्या पोटात गोळा आला.

दीड वर्ष ज्या रोपाला मी गोरखचिंच, म्हणजे इंग्रजीतलं बाओबाब, म्हणून वाढवत होते, घरी येईल त्याला हाताला धरून नेऊन दाखवत होते, त्याच्या बुंध्यावर शंकूसारखे जाडजूड काटे. डिसेंबरात पानं गळली म्हणून ते एकदम नजरेत भरले. अंगठ्याने एक बाजूला दाबला तर कट्‌कन निघून हातात आला आणि खाली ओला हिरवट डाग राहिला. गोरखचिंचेला काटे नसतात, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. मग हे काय होतं? आणि हे जर गोरखचिंच नव्हतं, तर मी स्वतःच्या हाताने उपटून उकिरड्यावर फेकलेली ती चार रोपं कशाची होती?

पहिल्यापासून सांगते.

आमचा मळा नाशिकजवळ मखमलाबादला. द्राक्षं. आमच्या घरात महिने चैत्र-वैशाखाने मोजत नाहीत आणि जानेवारी-फेब्रुवारीनेही नाही, छाटणीपासूनच्या दिवसांनी मोजतात. कुठं लग्नाला जायचं म्हटलं तरी नवरा आधी बोटं मोजतो. त्यामुळे फिरायला जायचं तर माल निघाल्यावर आणि खरडछाटणी सुरू व्हायच्या आत, त्या आठ-दहा दिवसांत. 2023 च्या मार्चअखेर असेच निघालो. मी, नवरा, सासूबाई आणि मुलगा. पिंपळगाव, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, पुढे धामनोदहून वळून मांडवगड. आता सगळे मांडू म्हणतात, पण सासूबाईंना मांडवगडच येतं.

तिथं महाल बघायचे सोडून मी गोरखचिंचेची झाडं बघत बसले. एकाही झाडावर पान नव्हतं. बुंधे असे फुगलेले, की रांजणावर रांजण ठेवून वर चार वाळक्या काटक्या खोचाव्यात. आफ्रिकेत म्हणे गोष्ट सांगतात, की देवाने रागावून हे झाड उपटलं आणि उलटं पुरलं, म्हणून मुळं वर आहेत. त्या काटक्यांना लांब देठांवर फळं लोंबत होती. साहेब लोक याला ‘मेलेल्या उंदरांचं झाड’ही म्हणायचे. शेपटीला धरून उंदीर लोंबकळवावा तसंच दिसतं ते खरं, पण खायच्या वस्तूला हे नाव देववत नाही.

रस्त्याच्या कडेला बायका फळं मांडून बसल्या होत्या. ‘मांडू की इमली’. आकार लहान दुधीभोपळ्याएवढा, वरून मखमली लव, रंग राखाडी-हिरवट. हात फिरवला की मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटतं, आणि मग लव बोटांना चिकटते. बाईने दगडावर एक फोडून दिलं. मला वाटलं, चिंचेसारखा ओला गर निघेल. आत होते पांढरे, कोरडे, ठिसूळ तुकडे. जणू कोणी दुधाची पावडर ओली करून वाळवली आणि मोडली. मधून लालसर धागे, आणि प्रत्येक तुकड्यात एक काळपट बी. जिभेवर ठेवला की आधी काहीच लागत नाही. मग तोंडातली ओल त्यात शिरते, तुकडा विरघळतो आणि आंबट झिणझिणी कानाच्या पाळीपर्यंत जाते. मागे थोडी गोडी. मुलाने एकट्याने अर्धं फळ संपवलं आणि बिया खिडकीतून बाहेर टाकायला लागला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

सहा फळं घेतली. एवढ्या सगळ्यात सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, “हिला आपल्याकडं काय म्हणतात?” मी म्हटलं, गोरखचिंच. गोरखनाथ या झाडाखाली शिष्यांना उपदेश करायचे असं सांगतात. त्या काही बोलल्या नाहीत. पण सासूबाई दरवर्षी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जातात. निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ, गहिनीनाथांचे गोरखनाथ. ही साखळी त्यांच्या घरातल्या नात्यासारखी तोंडपाठ आहे. त्यांनी ते नाव कुठे ठेवून दिलं, ते मला दोन वर्षांनी कळलं.

नाशिकला आल्यावर आधी स्वयंपाकघरात प्रयोग. चिंच म्हणून मी हा गर आमटीत घातला. घालू नका. आमटी पांढुरकी गढूळ झाली, आंबटपणा पोहोचलाच नाही आणि वर दाटपणा असा आला की मुलाने विचारलं, “आज कढी आहे का?” नाव चिंच असलं तरी ही चिंचेची कोणीही नाही. चिंच शेंगांच्या कुळातली, ही जास्वंद-भेंडी-कापसाच्या. दोघींत सारखं काय, तर आंबटपणा आणि माहेर. आपली रोजची, आमटीतली, पोरींनी दगड मारून पाडायची चिंचही मुळात आफ्रिकेचीच आहे. अरबांनी तिला ‘तमर हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानी खजूर म्हटलं, तेच नाव युरोपात गेलं, शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ बसलं आणि बाहेरून आलेली बाई इथलीच होऊन गेली. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तुळस परदेशी आहे म्हणाले.

सरबत मात्र सुरेख झालं. गराचे तुकडे कोमट पाण्यात तासभर भिजवायचे. कढत पाणी नको. मग हाताने कोळून बिया आणि धागे चाळणीवर ठेवायचे. पन्ह्यासारखा दाट, दुधाळ रंगाचा कोळ निघतो. त्यात गूळ, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. एप्रिलच्या उन्हात बागेतून आलेल्या माणसांना दिलं तर दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं. सेनेगलमध्ये याच गराचं ‘बुई’ नावाचं पेय घरोघरी करतात. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर गरासकट बिया साखरेच्या पाकात लाल रंग घालून घोळवतात आणि पोरं त्या चोखत हिंडतात. तिथं झाडाला म्हणतात म्बुयू आणि त्या गोळ्यांना माबुयू. आपल्या लाल बोरकुटासारखीच जिभा रंगवणारी वस्तू असणार.

औषधाचं विचाराल, तर मी भद्रकालीतल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात गेले होते. गोरखचिंच आहे का विचारलं तर मालकाने न बघता एक पुडी बांधली. घरी उघडली तर बोराएवढी वाळलेली गोंडेदार फुलं. गोरखमुंडी! ती वेगळी, शेताच्या ओलसर कडेला वाढणारी बारकी वनस्पती. परत गेले तर म्हणाला, “ताई, गोरख म्हटलं की लोक हेच नेतात.” गोरखचिंचेचा गर आपल्याकडे ताप, जुलाब, अंगातली उष्णता यांवर देतात, आणि आफ्रिकेतही जवळजवळ याच दुखण्यांवर देतात. क जीवनसत्त्व भरपूर, कॅल्शियमही चांगलं, चोथा तर पुष्कळच. 2008 साली युरोपीय संघाने हा गर खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी दिली आणि तेव्हापासून त्याच्या पावडरीचे भाव चढले. ‘संत्र्याच्या सहापट क जीवनसत्त्व’ वगैरे डब्यांवर छापतात, त्यात एक गोम आहे. हा गर झाडावरच वाळतो, संत्रं पाण्याने भरलेलं असतं. मनुक्याची तुलना द्राक्षाशी वजनाला वजन लावून केली तर मनुकाच जिंकणार, हे नाशिककरांना शिकवायला नको. मी सरबत पिते, आवडतं म्हणून. साखरेची गोळी बंद करून कोणी पावडर खायला लागलं तर मी त्यांच्या मुलांना फोन करते.

आता बिया.

एप्रिलमध्ये वीस बिया तशाच पिशव्यांत लावल्या. महिना गेला, काही नाही. कवच दगडासारखं. आफ्रिकेत हत्ती ही फळं खातात आणि त्यांच्या पोटातून गेल्यावर बी नरम पडते. मखमलाबादला हत्ती कुठून आणू? मग वाचून दुसरी बारा बियांची खेप केली. कानशीने एका बाजूला कवच घासायचं, आतलं पांढरं दिसलं की थांबायचं, कढत पाणी ओतून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी सात बिया फुगून दुप्पट झाल्या होत्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतल्या पाचांनी माती फोडली.

आणि नेमका त्याच आठवड्यात मी शहाणपणा केला. एका नर्सरीत पाटी दिसली, ‘गोरखचिंच, 250 रुपये’. दोन फुटांचं रोप, पानं सुरेख, हाताच्या पंजासारखी पाच-पाच बोटांची. गोरखचिंचेचं शास्त्रीय नाव अॅडान्सोनिया डिजिटाटा, त्यातलं ‘डिजिटाटा’ म्हणजेच बोटांचं. अॅडान्सोनिया हे मिशेल अदान्सों या फ्रेंच माणसावरून आलं, त्याने 1749 मध्ये सेनेगलला जाऊन ही झाडं पाहिली होती. हे सगळं मला पाठ. पाच बोटं दिसली, नाव जुळलं, पैसे दिले.

घरी आणून ते माझ्या पिशव्यांशेजारी ठेवलं. माझ्या पाच रोपांना आधी दोन मांसल बीजपत्रं आली, मग खरी पानं. लांबट, टोकदार, एकेकटी. आठ दिवस वाट पाहिली, पंधरा दिवस पाहिली. पान एकच. बोटं नाहीत. शेजारी तो पंजे पसरून उभा. मला वाटलं, पिशवीतल्या शेणखतातून भलतंच काही उगवलं. द्राक्षवाल्यांच्या घरात तणाला दया नसते. एका सकाळी चार उपटली आणि फेकली. पाचवं उपटणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे असू दे. मला डब्यात लावायचंय.” मी म्हटलं, आई, गवत आहे ते. “असू दे ना. गवत तर गवत.”

त्यांनी ते रंगाच्या जुन्या डब्यात लावलं, डब्याला खिळ्याने भोकं पाडली आणि गोठ्यामागे ठेवलं. मी विसरूनही गेले.

दीड वर्षाने काटे. काट्यांचा फोटो घेऊन मी ओळखीच्या एका वनस्पतीशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी फोटो पाहिला आणि चष्मा काढून हसले. “अहो, ही काटेसावर. होळीच्या आसपास लाल फुलं येतात ती. हिलाही पंजाच असतो, गोरखचिंचेची चुलत बहीणच आहे.” मग म्हणाले, “गोरखचिंचेच्या पिल्लाला पंजा नसतो. लहानपणी पान साधं, एकटं. बोटं मोठेपणी येतात.”

मी गाडीवरून घरी कशी आले ते विचारू नका. चार रोपं. कानशीने बोटं सोलून घेऊन उगवलेली चार रोपं. ओट्यावर बसून सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. थापणं न थांबवता म्हणाल्या, “एक हाये ना मागं.”

“कुठं?”

“डब्यात. नाथांचं झाड म्हणली होतीस ना तू? मग उपटू कशी देईन?”

त्यांना काही झाड ओळखू आलं नव्हतं. त्यांनी फक्त मी सांगितलेलं ऐकलं होतं. मीच सांगितलं आणि मीच विसरले.

गोठ्यामागे डबा होता. डब्यात पाऊण हात उंचीची एक काटकी, पान नाही, काही नाही. मला वाटलं, मेलं. आमच्याकडे थंडी कडक पडते, द्राक्षांना जपायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तिथं आफ्रिकेतलं पोर काय टिकणार? सासूबाईंनी अंगठ्याच्या नखाने साल जरा खरवडली. पातळ करडा पापुद्रा निघाला आणि खाली हिरवंगार. नुसतं ओलं नाही, पानासारखं हिरवं. पानं नसतात तेव्हा हे झाड सालीखालच्या या हिरव्या थरावरच थोडंफार अन्न करतं. मांडवगडच्या त्या वाळक्या दिसणाऱ्या रांजणांच्या आतही तेच चाललेलं असणार.

फेब्रुवारीत डबा कापून रोप काढलं. खाली मूळ निघालं चक्क गाजरासारखं, डब्याच्या बुडाला टेकून वळलेलं. पाणी साठवायची विद्या हे झाड पाळण्यातच शिकतं. आफ्रिकेत कोवळ्या रोपांची ही गाजरं खातातही. एका मैत्रिणीने पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. ती बोन्साय करते. तिच्या मते गोरखचिंचेसारखं दुसरं नाही, बुंधा लवकर फुगतो, छाटणी सोसते, महिनाभर पाणी चुकलं तरी रुसत नाही, दहा वर्षांत ताटलीत म्हातारं झाड उभं. खरं आहे, तिच्या गच्चीवर एक आहे आणि ते फार देखणं आहे. पण जे झाड हत्तीएवढं व्हायचं त्याला ताटलीत बसवायला माझं मन होईना. शिवाय सासूबाईंना विचारायची माझी हिंमत नव्हती.

जागेवरून घरात थोडं वाजलं. नवरा म्हणाला, “एकरी उत्पन्न किती?” मी म्हटलं, शून्य. फळ कधी? दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, सांगता येत नाही. लाकूड? फुसकं, पाण्याने भरलेलं, जळणालाही धड नाही. सालीचे दोर होतात, बाकी काही नाही. “आणि फूल?” फूल मोठं, पांढरं, खाली लोंबणारं, संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गळतं. आणि त्याला वटवाघळं येतात. हे मी सांगायला नको होतं. द्राक्षवाल्याला पाखरू म्हटलं की अंगावर काटा येतो, वटवाघूळ तर विचारूच नका. शेवटी ओहोळाच्या पलीकडचा, बागेपासून लांबचा मुरमाड कोपरा मिळाला. काटेसावरही तिथेच लावली. तिचा काय दोष? 250 रुपये मोजलेत.

ही झाडं इकडे आली कशी, याच्या मांडवगडला वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या. खुरासानातून आली म्हणून खुरासानी इमली, कुणा खलिफाने सुलतानाला दिली, वगैरे. जनुकीय अभ्यासात भारतातल्या झाडांचं नातं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी लागलंय. समुद्रावरून माणसं येत होती, व्यापारी, खलाशी, गुलाम म्हणून आणलेले, सैन्यात चढलेले. हबशी म्हटलं की आपल्याला मलिक अंबर आठवतो, जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. त्यांच्या गाठोड्यांत एखादं फळ असायला काय हरकत आहे? कवच जाड, गर आधीच वाळलेला, महिनोन्‌महिने टिकणारा. प्रवासाची शिदोरी म्हणून याहून चांगलं काय न्याल? त्याहून मागे जायचं तर 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने या साऱ्या कुळाचं मूळ मादागास्करला नेऊन ठेवलं. आजही तिथं सहा जाती आहेत, आफ्रिकेत ही एक, ऑस्ट्रेलियात एक.

झाडाचं वय मात्र कोणी सांगितलं तर जरा हात राखून ऐकावं. मांडवगडच्या गाइडने एका झाडाला हजार वर्षं दिली आणि परतीच्या वाटेवर त्याच झाडाला दोन हजार. या झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वर्तुळं भरवशाने मोजता येत नाहीत. अनेकदा दोन-चार खोडं एकत्र वाढून एक झालेली असतात आणि मधला गाभा पोकळ. लाकडाची कार्बन-परीक्षा करावी लागते. झिम्बाब्वेतलं एक झाड या परीक्षेत सुमारे 2,450 वर्षांचं निघालं, आणि तेही 2011 मध्ये कोसळलं.

यंदा मेच्या शेवटी काटकीला कोंब फुटले. आषाढापर्यंत पंधरा-वीस पानं आली. सासूबाईंनी एक दिवस न विचारता एक पान तोडून तोंडात टाकलं. “भेंडीवानी बुळबुळतंय,” म्हणाल्या. बरोबरच आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात याची पानं वाळवून पूड करतात आणि कालवण दाट करायला घालतात. भेंडीचं आणि याचं कूळ एकच, हे त्यांनी जिभेने सांगितलं. आता झाडाला पानं पुरेशी झाली की भाजी करायची म्हणतात. मी त्यांना तोडायला बंदी केलीय.

मांडवगडच्या सहापैकी एक कवच अजून घरात आहे. तोंड कापून त्यांनी त्याचा डबा केलाय. त्यात राख घालून अंबाडीचं बी ठेवतात. लव झिजून ते आता गुळगुळीत, तपकिरी झालंय.

परवा पाऊस उघडल्यावर आम्ही दोघी ओहोळापलीकडे गेलो. शेंड्याजवळ एक नवं पान उलगडत होतं, इतरांपेक्षा वेगळं. मी वाकून पाहिलं. एका देठावर तीन पाती, अजून चुरगळलेली, कोवळी, कडेला तांबूस. सासूबाईंचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पान दिसेना म्हणून बोटांनी चाचपलं, एक-एक पातं वेगळं करून.

“तीन झाली,” त्या म्हणाल्या. “दोन राहिली.”